डीव्हीडी नंबर एक, मुक्काम पोस्ट कोल्हापूर

नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका. आकृत्या नाहीत. रिमोट हातात धरून वाचावी.

ही कोणासाठी

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत सहा महिने काढून परतलेल्या, आणि परतताना बॅगांतले चार-पाच किलो डीव्हीडींवर घालवलेल्या आई-बाबांसाठी. तिथल्या गावोगावच्या लायब्रऱ्या जुन्या डिस्क डॉलर-दोन डॉलरला विकायला काढतात. दुपारभर करायला काही नसतं, चालत जाण्याजोगी तेवढी एकच जागा असते, आणि सत्तरीतल्या कोल्हापूरकराला स्वस्तात मिळणारी वस्तू सोडून येणं जिवावर येतं. चिरंजीवांनी तळघर रिकामं करताना 'बाबा, टाकवत नाही, तुम्ही घेऊन जा' म्हणत दोन खोकी गळ्यात मारली असतील, तरीही तुम्ही पात्र आहात. लंडनच्या भाचीने दिवाळीला बर्गमनचा सिनेमा पाठवला असेल तर पात्र आहातच, फक्त तुमचं दुखणं दुसऱ्या नंबरचं आहे. त्याचा खुलासा पुढे येईल.

'हल्ली डीव्हीडी कोण बघतं?' असं विचारणाऱ्यांनी पान उलटावं. त्यांचा मोबाइलही पुष्कळ सिनेमांच्या बाबतीत 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' म्हणतो. ते दुखणं याच घराण्यातलं आहे, पण त्यावर रिमोटचा इलाज नाही.

लक्षणं

डिस्क ट्रेवर ठेवली. ट्रे आत गेला. आत काहीतरी घरघरलं आणि टीव्हीवर 'राँग रिजन' अशी दोन शब्दांची पाटी आली. काही डिस्क याहून सभ्य असतात, जगाचा नकाशा दाखवून माफी मागतात. काही प्लेअर एक शब्द न बोलता डिस्क बाहेर ढकलतात.

या टप्प्यावर घरातला कर्ता पुरुष तीन गोष्टी करतो. डिस्क काढून बनियनला पुसतो, ती पालथी घालून बघतो आणि प्लेअरच्या डोक्यावर दोन थापा मारतो. तिन्ही करून घ्याव्यात. फायदा काही नाही, पण त्या राहून गेल्या तर पुढचं वाचताना लक्ष लागत नाही. मग मुलाला फोन. तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात. तो म्हणतो, 'बाबा, यूट्यूबवर बघा ना.' फोन ठेवावा.

डिस्क खराब नाही, प्लेअर खराब नाही, आणि लायब्ररीतल्या बाईंनी तुम्हाला फसवलेलंही नाही. डिस्कच्या अंगावर एक नंबर आहे, प्लेअरच्या पोटात दुसरा, आणि दोन्ही जुळत नाहीत तोवर एकमेकांशी बोलायचं नाही असा वरून हुकूम आहे.

थोडा भूगोल

हुकूम हॉलिवूडचा. डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत बाजारात आली. तिच्यावर सिनेमे घालताना स्टुडिओंनी हट्ट धरला की जगाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यातली डिस्क दुसऱ्या तुकड्यात चालू द्यायची नाही. मग कुणीतरी नकाशा घेऊन बसलं आणि जगाची राजारामपुरी केली. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. फरक एवढाच, की आपल्या राजारामपुरीत पहिल्या गल्लीत घेतलेला वडा आठव्या गल्लीत खाता येतो.

पहिल्या गल्लीत अमेरिका आणि कॅनडा. दुसरीत पश्चिम युरोप, जपान, आखाती देश, इजिप्त आणि दक्षिण आफ्रिका, म्हणजे लंडन, टोकियो, दुबई आणि केप टाउन शेजारी शेजारी. तिसरीत हाँगकाँग, तैवान, दक्षिण कोरिया, सिंगापूर वगैरे. चौथीत ऑस्ट्रेलिया, आणि तिच्या भिंतीला भिंत लावून मेक्सिको आणि ब्राझील. सहावी आख्खी चीनला. सातवी राखीव. आठवी विमानांना आणि जहाजांना, म्हणजे नेवार्कहून मुंबईला येताना तुम्ही पंधरा तास आठव्या गल्लीत बसला होता. आणि पाचवीत उरलेले सगळे: रशिया, मंगोलिया, अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, बहुतेक आफ्रिका आणि आपण. या पाचवीला भूगोलाचं सूत्र लागत नाही, भाषेचं लागत नाही, टीव्हीच्या पद्धतीचंही लागत नाही. 'जिथून फार पैसे यायचे नाहीत ते' असं धरलं की यादी पटापट जुळते.

हे कशासाठी, तर सिनेमा तेव्हा जगभर एकदम लागत नसे. 'ज्युरासिक पार्क' अमेरिकेत १९९३ च्या जूनमध्ये लागला, आपल्याकडे डायनासोर हिंदीतून डरकाळ्या फोडत आले तेव्हा १९९४ उजाडलं होतं. 'टायटॅनिक' तिकडे डिसेंबर १९९७ मध्ये बुडाली, इकडे मार्च १९९८ मध्ये. त्यातही आधी मुंबई-पुणे. उर्मिला किंवा पार्वती टॉकीजपर्यंत इंग्रजी सिनेमाची प्रिंट पोहोचायची तेव्हा भर उन्हातल्या प्रसंगातही तिच्यावर रेघांचा पाऊस पडत असायचा. अशात अमेरिकेची डिस्क आधीच घरी आली तर तिकीट कोण काढणार, ही भीती. शिवाय गल्ली बघून किंमत लावता यावी, हीही सोय.

पुढे प्रिंटा गेल्या आणि सिनेमे सगळीकडे एकाच आठवड्यात लागू लागले. २०१२ साली 'द अ‍ॅव्हेंजर्स' तर भारतात अमेरिकेच्या आठवडाभर आधी लागला. नंबराचं कारण संपलं. नंबर कुणी काढला नाही.

मनाची तयारी

सेटअपच्या मेनूत शिरायला ज्येष्ठ नागरिक बिचकतात. 'नको, काहीतरी बिघडायचं' म्हणतात. त्यांनी एकदा खरी कॉर्नरला चक्कर मारून यावं. तिथे कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. परदेशी कॅमेरा हाती येईना म्हणून आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी तो याच गावात स्वतः बनवायला घेतला होता. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांना हाताशी धरून काम तडीला नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. ज्या गावाने कॅमेरा घरी केला, त्या गावच्या माणसाने रिमोटवरचे सहा आकडे दाबायला कचरू नये. (बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज कुठल्याच रिजनमध्ये चालत नाहीत, कारण ते उरलेच नाहीत. पण तो विषय वेगळा आहे आणि त्यावर लिहायला घेतलं की रक्तदाब वाढतो.)

साहित्य

प्लेअर. इथे बाजाराचा नेहमीचा नियम उलटा चालतो: जितका स्वस्त तितका चांगला. नावाजलेल्या कंपनीचा महागडा प्लेअर नियम पाळतो. कुणी कधी न ऐकलेल्या नावाचा, खोक्यावर इंग्रजी स्पेलिंग चुकलेला प्लेअर बहुधा काहीही वाजवतो. हे प्लेअर सहाव्या गल्लीत बनतात, पाचवीत विकले जातात आणि पहिलीच्या डिस्क बिनतक्रार खातात. शेजाऱ्यांकडे असा एखादा कपाटावर पडून असतो. मागून आणा.

रिमोट. प्लेअरसोबत आलेलाच. आकड्यांची सगळी बटणं चालू हवीत. वरचं प्लास्टिक काढायची गरज नाही, ते कुणी काढलेलंही नाही.

नातू किंवा नात. वय दहा ते चौदा. त्याहून लहान असेल तर सेल काढून पळतो, मोठा असेल तर कीव करतो.

अमेरिकेहून प्लेअरच आणला असेल तर त्याचं नंतर बघू. तोवर पिन प्लगात घालू नये. घातली असेल, तर 'प्लग' हा भाग आत्ताच वाचा.

पायरी पहिली: नंबर पुसणे

प्रत्येक गल्लीसाठी वेगळं यंत्र कोणताच कारखाना बनवत नाही. यंत्र एकच, आणि खोक्यात भरायच्या आधी त्याच्या पोटात गल्लीचा नंबर घालतात. तो घालण्यासाठी मेनूत एक चोरवाट ठेवलेली असते. दुरुस्तीवाल्यांनाही ती लागते, त्यामुळे आज ना उद्या ती फुटतेच. फिलिप्सच्या डीव्हीपी ६४२ या प्लेअरची वाट अशी आहे: सेटअप दाबा, प्रेफरन्सेसवर जा, १३८९३१ हे आकडे दाबा. पडद्यावर रिजनचा आकडा उगवतो. बाणाच्या बटणाने तो शून्यावर न्या. शून्य म्हणजे कुठल्याच गल्लीचा नाही, म्हणून सगळ्यांचा.

तुमचा प्लेअर दुसरा असेल तर त्याचा मॉडेल नंबर पाठीमागे धुळीखाली आहे. तो पुसून नातवाला मोबाइलवर शोधायला सांगा. काही प्लेअरना ट्रे उघडा ठेवून आकडे द्यावे लागतात, काहींना डिस्क नसताना, काहींना सेटअपच्या एका ठरावीक पानावर. आकडे दाबत असताना घरातल्या कुणीही 'नऊ दाबला का?' असं मध्येच विचारू नये. स्वयंपाकघरातूनही नाही.

काहीच लागू पडलं नाही, तर टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे जावं. संवाद साधारण असा होतो:

'ह्याचा रिजन बदलून मिळंल काय हो?'

'कुठली डिस्क हाय काका?'

'अमेरिकेची.'

'पोरगं तिकडं हाय व्हय?'

'व्हय. न्यू जर्सीला.'

'मग त्यालाच सांगायचं की, पेनड्राइव्हवर टाकून दे म्हणून. कशाला एवढा कुटाणा?'

'अरे, पैसे देऊन घेतलीया मी.'

'तिथंच चुकलं बघा तुमचं. बरं, ठेवून जावा. बेस्तरवारी या.'

त्याचं बोलणं मनाला लागतं, पण ते खरं आहे. चोरीच्या डिस्कला रिजन नसतो. मार्कर पेनाने नाव लिहिलेली फुटपाथवरची डिस्क मॉस्कोत चालते, न्यू जर्सीत चालते, शिरोळला चालते, कारण ती बनवणारा सगळ्यात आधी नंबर काढून टाकतो. अडतो तो दुकानात जाऊन पैसे मोजणारा आणि पावती पाकिटात जपून ठेवणारा. सगळा बंदोबस्त जणू त्या एका गृहस्थासाठी केलाय, आणि तो गृहस्थ बहुतेक वेळा एखाद्या शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक असतो.

आपल्याकडच्या कंपन्यांना हे लवकर उमगलं. हिंदी सिनेमांच्या बहुतेक डीव्हीडी शून्य नंबरच्याच निघत, कारण त्यांचं गिऱ्हाईक दुबईत, लंडनमध्ये आणि एडिसनमध्ये एकदमच होतं. त्याआधीच्या व्हीसीडीला तर रिजन ही भानगडच नव्हती. मध्यंतरापाशी डिस्क बदलायची, एवढाच तिचा जाच. आणि मोझर बेअरने २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढली तेव्हा चोरांना किमतीने मारलं. नंबरबिंबर लावत बसले नाहीत. महाद्वार रोडवर भाजी घ्यायला निघालेली माणसं पिशवीत सिनेमा घेऊन घरी येत.

पायरी दुसरी: शून्यावर रुसलेली डिस्क

नंबर शून्य केला, तरी डिस्क नकाशाच दाखवते? मग ती खास आहे. लोक प्लेअर शून्यावर नेतात हे स्टुडिओंच्या ध्यानात आलं आणि २००० सालापासून काही डिस्कमध्ये त्यांनी एक चौकशी बसवली. 'द पेट्रियट' ही तसल्या पहिल्या डिस्कांपैकी. अशी डिस्क आत शिरताच प्लेअरला विचारते, तू कुठला? 'मी सगळीकडचा' असं उत्तर आलं की हाकलते.

इलाज सोपा आहे. पुन्हा चोरवाटेने जा आणि शून्याच्या जागी एक घाला. मंगळवार पेठेत बसून प्लेअरने 'मी अमेरिकेचा' म्हणायचं. डिस्क विश्वास ठेवते. सिनेमा संपला की परत शून्य करायला विसरू नये, नाहीतर लंडनचा बर्गमन अडून बसेल.

पायरी तिसरी: रंग उडणे

चित्र आलं, पण काळंपांढरं आहे, किंवा वरून खाली सरकत राहतं. अभिनंदन. रिजन सुटला. आता पद्धत.

अमेरिका आणि जपान एनटीएससीवाले: ५२५ रेघा, सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं. भारत आणि ब्रिटन पालवाले: ६२५ रेघा, २५ चित्रं. यात हॉलिवूडचा दोष नाही. अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची, त्यातून पडलेला हा जुना फरक. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीनेच. घरात एलईडी टीव्ही असेल तर ही पायरी सोडून द्या, त्याला दोन्ही कळतं. जुना डबा अजून असेल (आणि कोल्हापुरात असतो, आतल्या खोलीत, वर भरतकामाचा रुमाल टाकून), तर सेटअपमध्ये टीव्ही टाइप शोधा आणि 'पाल' करा, म्हणजे रूपांतराचं काम प्लेअर करेल. लंडनच्या डिस्कला या पायरीची गरज नाही. ती आपल्यासारखीच पाल आहे, भांडण फक्त नंबराचं.

मात्र एवढं सगळं करण्याआधी सिनेमा मुळातच काळापांढरा आहे का, हे खोक्यावर बघून घ्यावं. बर्गमनवाल्यांनी विशेषकरून.

पायरी चौथी: कॉम्प्युटर

काही घरांत प्लेअर उरलेला नाही, पण मुलाचा कॉलेजातला कॉम्प्युटर उरलाय. त्यात डिस्क घालण्याआधी पुढचा मजकूर दोनदा वाचा.

१ जानेवारी २००० नंतर बनलेल्या ड्राइव्हमध्ये नंबर ड्राइव्हच्या आतच राहतो, आणि तो पाच वेळा बदलता येतो. फक्त पाच. पाचव्या बदलाला जो नंबर पडेल तो ड्राइव्हच्या मरणापर्यंत. विंडोज दर वेळी 'आता इतक्या संधी उरल्या' असं बजावतं. तरीही संसारात हे पाच बदल कसे उडतात बघा. बाबा अमेरिकेचा वेस्टर्न लावतात: एक. आईला शेजारणीने दिलेली, पाच नंबर मारलेली इथलीच डिस्क बघायची असते: दोन. बाबांचा सिनेमा अर्धा राहिलेला असतो: तीन. भाचीचा बर्गमन येतो: चार. आणि पाचवा बदल घरी आलेला एखादा पाहुणा 'बघू, काय होतंय' म्हणत स्वतःच्या हाताने करतो. त्यानंतर तो कॉम्प्युटर कोल्हापुरात राहून कायमचा ऑस्ट्रेलियाचा रहिवासी होतो.

म्हणून नंबर बदलूच नये. व्हीएलसी नावाचा फुकट प्रोग्रॅम घ्यावा. त्याची खूण म्हणजे रस्त्याचं काम चालू असताना ठेवतात तो नारिंगी-पांढरा शंकू. पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे काम २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. व्हीएलसी नंबर विचारत बसत नाही, डिस्कवरचं कुलूप स्वतः उघडतो. काही ड्राइव्ह मात्र इतके कर्मठ असतात, की त्यांच्यापुढे तोही हात टेकतो. नव्या लॅपटॉपला डिस्कचा खणच नसतो, त्यांनी यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह आणावा. विंडोज ८ पासून डीव्हीडी सिनेमा लावण्याची सोयही विंडोजसोबत येत नाही, त्यामुळे व्हीएलसी तसाही लागणारच.

हे कुलूप उघडण्याची कहाणी नातवाला जरूर सांगावी. ऑक्टोबर १९९९ मध्ये नॉर्वेतल्या योन लेक योहान्सन या पंधरा वर्षांच्या मुलाने आणखी दोघा अनामिकांसह डीसीएसएस नावाचा चिमुकला प्रोग्रॅम जगासमोर ठेवला. त्याला स्वतःच्या डिस्क लिनक्सवर बघायच्या होत्या. जानेवारी २००० मध्ये पोलीस घरी आले. मुलगा आरोपी झाला, ओस्लोत खटला चालला. २००३ च्या जानेवारीत कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. सरकारने अपील केलं, डिसेंबरमध्ये दुसऱ्या कोर्टानेही तेच सांगितलं: विकत घेतलेली डिस्क आपल्या यंत्रावर बघणं हा गुन्हा नाही. तोवर अमेरिकेत प्रोग्रॅम प्रसिद्ध करायला मनाई झाली होती, म्हणून लोक तो टी-शर्टवर छापून फिरत होते. २००१ मध्ये फिल कारमोडी याने एक हजाराहून जास्त अंकांची मूळ संख्या शोधून काढली, जिच्या अंकांत तोच प्रोग्रॅम दडलेला आहे. निवृत्त गणित शिक्षकांनी नोंद घ्यावी: वर्गात फळ्यावर लिहिली तर पंचाईत होईल अशी एक मूळ संख्या जगात आहे.

पोलीस येतील का?

हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो आणि नेहमी आईच विचारते.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. असं तांत्रिक कुलूप जो हक्कभंगाच्या हेतूने तोडेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. महत्त्वाचा शब्द हेतू. तुमचा हेतू रात्री जेवण झाल्यावर अर्धा सिनेमा बघून सोफ्यावर झोपी जाण्याचा आहे. प्रती काढून गल्लीत विकणार असाल, तर ही मार्गदर्शिका तुम्हाला ओळखत नाही. अमेरिकेचा १९९८ चा कायदा जास्त कडक आहे, तिथे हेतू न बघता कुलूप फोडण्यावरच बोट ठेवतात. तेव्हा हे उद्योग चिरंजीवांच्या दिवाणखान्यात न करता स्वतःच्याच घरी येऊन करावेत.

उलटा प्रवास

पुढच्या खेपेला जाताना सुनेसाठी मराठी नाटकांच्या डीव्हीडी नेणार असाल तर थांबा. त्यांना नंबर बहुधा नसेल, पण त्या पाल असतील, आणि अमेरिकेतले बहुतेक प्लेअर पाल ओळखत नाहीत. आपल्या स्वस्त प्लेअरला जगातलं सगळं चालतं, त्यांच्या महागड्याला फक्त त्यांचंच. सूनबाईंना व्हीएलसी सांगा. आणि नाटक बघताना 'आवाज मोठा कर' हे फोनवरून सांगू नये.

प्लग

अमेरिकेची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिकडून आणलेल्या यंत्राच्या पाठीवर '१००-२४०' लिहिलं असेल तर निर्धास्त राहा. नुसतं '१२०' असेल, तर ते सरळ लावल्यावर एकदाच चालतं, तेही वासासकट. विमानतळावर घेतलेला चपट्या पिनांचा अ‍ॅडाप्टर फक्त पिन बदलतो, वीज बदलत नाही. २३० चे ११० करून देणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो प्लेअरपेक्षा जड असतो. एवढं करून तो प्लेअर पहिल्या गल्लीचा आणि बहुधा एनटीएससीचाच राहतो. त्यावर तुमच्या इथल्या पाल डिस्क चालणार नाहीत. त्यापेक्षा शेजाऱ्यांचा कपाटावरचा प्लेअर बरा, असं तुमच्या लक्षात येईल, पण तोवर शेजारी हुशार झालेले असतील.

डिस्क ब्लू-रे निघाली तर

खोकं निळं असेल तर ती डीव्हीडी नव्हे. आतापर्यंत शिकलेले आकडे विसरा. इथे अक्षरं आहेत. ए म्हणजे अमेरिका, जपान आणि आग्नेय आशिया. बी म्हणजे युरोप, ऑस्ट्रेलिया, आखात आणि आफ्रिका. सी म्हणजे रशिया, चीन आणि आपण. चीन शेवटी आपल्या गल्लीत राहायला आला, हाच काय तो बदल.

सत्यजित राय यांच्या 'अपू' चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. त्यातलं जे वाचलं ते घेऊन बोलोन्यात सिनेमे जवळजवळ एकेक चौकट जुळवून उभे केले, आणि अमेरिकेच्या क्रायटेरियनने २०१५ मध्ये त्यांची देखणी डिस्क काढली. ती ए अक्षराची. 'पथेर पांचाली' बंगालच्या खेड्यातली, आणि बंगालसकट आख्खा भारत सी गल्लीत. मुलाने ती भेट दिली असेल तर खोक्यावरचं चित्र बघावं, आतली पुस्तिका वाचावी, आणि ए-बी-सी तिन्ही वाजवणारा प्लेअर मिळेपर्यंत ती कपाटात उभी ठेवावी.

२०१६ मध्ये फोर-के डिस्क आली. तिच्यावर नंबरही नाही आणि अक्षरही नाही, कुठूनही आणा, चालते. पण तिचं खोकं उघडलं की बऱ्याचदा आत दोन डिस्क निघतात. सिनेमा फोर-केवर, आणि दिग्दर्शकाच्या मुलाखती सोबतच्या ब्लू-रेवर, ए गल्लीतल्या. त्या मुलाखतींसाठी पायरी पहिलीकडे परत जाऊ नका. रिमोटवर आकडे असतात, अक्षरं नसतात.